मॉन्स्टर ट्रकला फोडलेला नारळ

आमच्या दुकानात नारळ फोडायला बंदी आहे. गल्ल्याच्या मागं, गणपतीच्या फोटोखालीच तशी पाटी लावलीय: 'गाडीला नारळ फोडून मिळणार नाही, आग्रह करू नये.' नवं गिऱ्हाईक ती पाटी वाचतं, मग माझ्या कपाळावरचं गंध बघतं आणि गोंधळून जातं. काही जण हसतात, काही जण कारण विचारतात. विचारणाऱ्यांना मी आजवर उडवाउडवीचीच उत्तरं दिली. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी म्हटलं, तेव्हा डोळ्यांपुढं पहिली ही पाटीच आली आणि कान गरम झाले. तरी लिहितो. लपवून तरी काय करणार, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अख्ख्या गल्लीला ते ठाऊक आहे.

माझा धंदा म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्या विकणं आणि मोडल्या की दुरुस्त करणं. त्यातही खप मॉन्स्टर ट्रकचा. चाकं टोपलीएवढी, बॉडी त्यावर चढून बसलेली, आणि सगळा जीव बॅटरीवर. साठी ओलांडलेला माणूस दिवसभर अशा गाड्यांची चाकं फिरवत बसतो हे कुणाला सांगायची मला लाज वाटायची. थोरलीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाच्या मामांनी विचारलं, "आपला व्यवसाय?" मी म्हणालो, "ऑटोमोबाइल." बायकोनं पदराआड तोंड लपवलं, पण खांदे हलत होते तिचे.

लोक दुकानात येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पळते किती?" दुसरा, "तुटणार नाही ना?" पहिल्या प्रश्नाला मी उत्तरच देत नाही. दुसऱ्याला सांगतो, "न तुटणारी गाडी ब्रह्मदेवानं पण केली नाही हो. तुटल्यावर जोडता येईल अशी मागा." कारण या गाड्यांत दोन जाती आहेत. एक वाढदिवसाची. रंगीत खोक्यात येते, दिवे लागतात, गाणं म्हणते, आणि पुढचं चाक मोडलं की तिला कचऱ्याची वाट दाखवायची, कारण तिचा पार्ट जगात कुठं मिळत नाही. दुसरी जात पार्टवाली. तिचं दांडकं न् दांडकं सुटं मिळतं. आज पुढच्या चाकाचा हात मोडला, उद्या बदलला, परवा पुन्हा भिंतीवर घातली. टिकाऊ गाडी म्हणजे हीच. घ्यायची तर ही घ्या, आणि घेण्याआधी पार्ट गावात मिळतो का ते विचारा.

परड्यात चालवायला तर आणखी वेगळा हिशोब. परडं केवढं? इकडं भिंत, तिकडं तुळस, मध्ये धुण्याचा दगड. तिथं सुसाट गाडीचं काय काम? गिअर लोखंडी बघा, मोटार साधी कार्बनवाली बघा, ती दमानं ओढते. धक्के झेलणाऱ्या दट्ट्यात तेल भरलेलं असावं, नुसती स्प्रिंग नको, नाहीतर गाडी बेडकागत उड्या मारते. आणि आपल्याकडची काळी माती! पावसात चाकाला अशी बिलगते की गाडी जागची हलत नाही, आणि उन्हाळ्यात तिचाच फुफाटा होऊन मोटारीत शिरतो. चालवून झाली की सायकलच्या पंपानं हवा मारा. बॅटरी गच्चीवर ठेवू नका. आमच्या एप्रिलमध्ये ती पुरीसारखी फुगते, आणि मग लोक माझ्याशी भांडायला येतात.

गिऱ्हाइकं तर काय काय! नातेपुत्याचे एक डाळिंबवाले आले होते. म्हणाले, "बागंत पाखरं लई झाल्यात. ही गाडी सोडली तर उडत्याल का?" मी म्हटलं, "उडतील की." त्यांनी गाडी नेली, झाडांच्या ओळीत पळवली. पाखरं उडाली. आठवड्यानं पुन्हा हजर. मी विचारलं, "काय झालं? बिघडली?" ते म्हणाले, "बिघडली न्हाय ओ. आता साळुंक्या तिच्या टपावर बसून फिरत्यात. परत घ्या म्हणत न्हाय मी, नातवंडं सोडंनात. फक्त सांगाया आलो." असल्या माणसाला मी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

एक डॉक्टर होते, मुलाच्या नावानं गाडी घेऊन जायचे. मुलगा बारावीला गेला, मग कॉलेजला परगावी गेला, तरी डॉक्टर 'मुलासाठी' टायर न्यायला येतच होते. मी कधी काही बोललो नाही. धंद्यात कुणाची लाज काढू नये.

आता नारळाकडं येतो. माझा चुलतभाऊ विलास. आम्ही दोघं वैरागहून बरोबरच सोलापूरला आलो. त्यानं होटगी रोडला ट्रॅक्टरचं शोरूम काढलं, मी खेळण्यांचं दुकान. त्याच्याकडं ट्रॅक्टर सुटायचा तो थाट काय वर्णावा! झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, दारात खळ्ळकन नारळ, आणि थर्माकोलची हातभर किल्ली धरून अख्ख्या घराचा फोटो. घरात सगळे त्याला विलासशेठ म्हणायचे. मला म्हणायचे सदा. एकदा त्याच्याकडच्या पूजेत त्यानं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हा पण आपल्याच लायनीत आहे. फक्त ह्याच्या गाड्या बगलेत मावतात." सगळे हसले, मी पण हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी दुकानात नारळ आणून ठेवले. पार्टवाली गाडी सुटली की पूजा करायची! छोटा हार, छोटं स्वस्तिक, चाकाखाली कागदी लिंबू, आणि खरा नारळ. लोकांना लई आवडलं. पोरं टाळ्या वाजवायची, आजोबा हात जोडायचे. मी नारळाचं पाणी गाडीवर शिंपडायचो आणि म्हणायचो, "घाबरू नका, वॉटरप्रूफ आहे!" आणि ती होतीही. तिच्या पोटात काडेपेटीएवढा रिसीव्हर असतो. रिमोटचं ऐकायचं आणि मोटारला सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो एका डबीत बंद असतो आणि डबीच्या झाकणाला रबरी रिंग असते. रिंग खाचेत नीट बसली असेल तर आत थेंब जात नाही. बायको म्हणायची, "अहो, विजेच्या वस्तूवर कशाला पाणी ओतता?" मी म्हणायचो, "तुला काय कळतंय धंद्यातलं?"

गेल्या दसऱ्याच्या आधी सुनंदा दुकानात आली. पूर्व भागातल्या विणकर घरातली, शाळेत शिक्षिका. तिचे वडील नरसय्या. आयुष्य मागावर गेलेलं. पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे अर्धांगवायू. पाय सुधारला, हात राहिला. बोटं वळेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी खिडकीतून फेकला.

"डाव्या हातानं फेकला," सुनंदा म्हणाली. "म्हणाले, मी काय लेकरू आहे? मग परवा शेजारच्यांच्या गाडीचा रिमोट त्यांच्या हातात कुणीतरी दिला आणि काका, बोट आपोआप वळलं. चाप ओढला त्यांनी. आम्ही बघतच राहिलो. ते स्वतः बघत राहिले."

मी माझे नेहमीचे दोन प्रश्न विचारले: चालवणार कोण आणि कुठं? मग ताठ बसलो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या कामासाठी माझ्याकडं कुणी आलं नव्हतं. हात झटके देतो, म्हणजे गाडी भिंतीवर आपटणार, म्हणजे पुढचा बंपर जाड हवा. रिमोटचा चाप मऊ हवा, त्याच्यावरचं वळवायचं चाक मोठं हवं, वेग कमी बांधलेला हवा. मी सगळं जुळवलं. गाडीबरोबर आलेला रिमोट कडक होता म्हणून दुसरा लावला, आणि त्याच्या जोडीचा रिसीव्हर डबी उघडून आत बसवला. दसऱ्याची गर्दी होती. झाकण लावलं, स्क्रू पिळले, झालं.

दसऱ्याच्या सकाळी गाडी मी स्वतः घेऊन गेलो. त्यांच्या घरामागं परडं आहे, अर्ध्यात शहाबादी फरशी, अर्ध्यात माती, कडेला लिंबाचं झाड. बंद पडलेल्या मागाची लाकडं भिंतीला टेकवलेली. नरसय्या धुतलेलं धोतर नेसून बाजेवर बसले होते, उजवा हात मांडीवर. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मम्मांनी, दारात रांगोळी काढली होती. गल्ली जमली होती. एवढे लोक बघून माझ्या अंगात विलासशेठ संचारला.

हार घातला. हळदकुंकू ओलं करून बॉडीवर स्वस्तिक काढलं. आपट्याची पानं वाहिली. नारळ असा फोडला की पाणी थेट गाडीवर. वर आणखी नारळाच्या कवडीत उरलेलं पाणी ओतलं आणि म्हणालो, "घाबरू नका, वॉटरप्रूफ आहे!" मग फोटो झाले, पेढे झाले. गाडी तशीच ओली उभी.

मग नरसय्यांच्या उजव्या हातात मी रिमोट दिला. त्यांनी बोट चापावर ठेवलं. कपाळावर घाम आला. बोट वळलं आणि गाडी हलली! हळूहळू झाडापर्यंत गेली, वळली, परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मम्मा पदर डोळ्याला लावून पुढं आल्या, नवऱ्याकडं बघत.

आणि गाडी सुटली. बांधलेला वेगबिग सगळा सोडून, बाण सुटल्यासारखी. सरळ लक्ष्मम्मांच्या पायावर. त्या धुण्याच्या दगडावर पडल्या. गाडी त्यांच्या पायाशी घुर्र घुर्र करत चाकं फिरवतच राहिली. नरसय्या ओरडत होते, हात थरथरत होता, गाडी थांबत नव्हती. मी धावत जाऊन उलटी केली आणि बॅटरी उपटली. हाड मोडलं नव्हतं, पण घोटा सुजून टम्म झाला.

सगळे नरसय्यांच्या हाताकडं बघत होते. मी पण. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू द्या, असू द्या. हाताला हळूहळू सवय होईल."

ते वाक्य आठवलं की अजून जेवण जात नाही. नरसय्यांनी रिमोट बाजेवर ठेवला, उपरण्याखाली उजवा हात सारला आणि आत निघून गेले.

दिवाळीच्या आधी सुनंदा गाडी परत घेऊन आली. "ठेवून घ्या काका. नायना तिच्याकडं बघत पण नाहीत." नायना म्हणजे वडील, त्यांच्या तेलुगूत. "हात उपरण्याखालीच असतो. जेवताना पण काढत नाहीत. अम्मा लंगडत पाणी द्यायला आली की तोंड फिरवतात. काल म्हणाले, ज्या हातानं बायकोला पाडलं तो वाळून गेलेला बरा."

मी गाडी टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग, सरळ गाडीच्या पोटात. दुकानात गोड काही नव्हतं. मी बॉडी काढली. रांग रिसीव्हरच्या डबीत शिरत होती. झाकण उघडलं. आत चिकट, पिवळट, नारळाचा वास मारणारं काहीतरी वाळलेलं, त्यात कुंकवाची लाली, आणि मुंग्याच मुंग्या. झाकणाची रबरी रिंग एका कोपऱ्यात खाचेतून बाहेर चिमटून बसली होती. मीच चिमटलेली.

रिसीव्हरच्या तारांवर पाणी गेलं की तो बहिरा होतो, आणि बहिरा झाला की कधी नुसता थरथरतो, कधी मोटारला सांगतो, पळ! त्या माणसाचं बोट बरोबर होतं. त्याचा हात चालला होता. माझ्या थाटामाटानं त्याला खोटं पाडलं होतं.

तसाच त्यांच्या घरी गेलो. परड्यात नरसय्या, सुनंदा, लक्ष्मम्मा, दोनचार शेजारी. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "नरसय्याभाऊ, तुमच्या हाताची चूक नव्हती. माझ्या नारळाची होती. पाणी आत गेलं, गाडी वेडी झाली."

मला वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्यांची तयारी करून गेलो होतो. शेजारची बाई म्हणाली, "बघा, केवढं मन मोठं शेठचं! आपल्या अंगावर घेतलालेत." लक्ष्मम्मांनी मला हात जोडले. हात जोडले हो! आणि खुर्ची दिली, चहा टाकायला सांगितला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

नरसय्या हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "शेठ, माग मी चालवलो. धागा तुटला की कोणाच्या हातानं तुटला ते मला कळतंय. तुम्ही चांगला माणूस आहे. पण मला असं बोलू नका."

दारापर्यंत पोचवायला सुनंदा आली. "काका, तुम्ही कशासाठी बोललात ते कळलं मला. पण खोट्यानं हात चालत नसतो."

खरं बोलून खोटा ठरलो, आणि वर देवमाणूस! घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं कांदा चिरता चिरता ऐकून घेतलं. म्हणाली, "नारळ चारचौघांत फोडला होता ना? मग चूक पण चारचौघांत करून दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा फोडा. त्याच गाडीवर. अख्ख्या गल्लीपुढं. होऊ द्या तुमचं हसं."

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन पुन्हा त्या परड्यात गेलो. गाडीत नवा रिसीव्हर घातला होता. मला बघून पोरं जमली, पोरांमागं बाया, बायांमागं पेपर वाचत बसलेले म्हातारे. "शेठ, काय करलालाव?" कुणीतरी विचारलं.

"गाडी बिघडवायला आलोय," मी म्हणालो. लोक हसले.

नरसय्या बाजेवर, हात उपरण्याखाली. रिमोट मी त्यांच्याशेजारी बाजेवर ठेवला. "ह्याला कुणी हात लावायचा नाही," सगळ्यांना बजावलं. हार घातला, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पाणी ओतलं. वाट बघत उभा राहिलो. गाडी ढिम्म. लोक वाट बघतात, मी वाट बघतो, गाडी आपली हार घालून नवरदेवासारखी उभी. एक म्हातारा म्हणाला, "शेठ, दक्षिणा ठेवा, मग निघंल." पोरं फिदीफिदी हसायला लागली. नरसय्यांनी मान खाली घातली. त्यांची मान बघून मला रडू यायला लागलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. सवयीचा गुलाम! मी झाकण लावताना रिंग नीट खाचेत बसवली होती. एवढ्या वर्षांत हात शिकला होता, तो आज नको तेव्हा शहाणा झाला. मी मांडी घालून फरशीवर बसलो, बॉडी काढली, झाकण सोडलं, रिंगेचा कोपरा त्या दिवशीसारखा चिमटून बाहेर काढला.

"आता मुद्दाम बिघडवता व्हय?" शेजारी ओरडला.

"मुद्दामच! त्या दिवशी बावळटपणानं केलं, आज मुद्दाम करतोय. बघा सगळे. ही रिंग, हे झाकण, त्या दिवशी असंच लावलं होतं मी." झाकण लावलं, बॉडी चढवली, दुसरा नारळ फोडला, ओतला. अंगावरचा शर्ट भिजला, गुडघ्याला कुंकू लागलं. लक्ष्मम्मा म्हणाल्या, "त्या दिवशी पेढे पण झाले होते. पाणी आत मुरायला येळ गेला होता." मग त्यांनी चहा आणला. मी ओल्या शर्टानं, लाल गुडघ्यानं गल्लीतल्या लोकांच्या मधोमध चहा पीत बसलो. त्याक्षणी विलास तिथून गेला असता तर मला काही वाटलं नसतं, एवढी अब्रू आधीच गेली होती.

आधी गाडी नुसती शहारली. पुढची चाकं इकडं वळली, तिकडं वळली. पोरं मागं सरकली. मी कप खाली ठेवणार, तोवर ती सुटली. सरळ माझ्यावर! कप उडाला, चहा मांडीवर, गाडी नडगीवर आपटून वळली आणि लक्ष्मम्मा उभ्या होत्या तिकडं निघाली.

उपरणं उडालं. नरसय्यांनी बाजेवरचा रिमोट उचलला. उजव्या हातानं उचलला, त्याच हाताच्या बोटानं चाप उलटा, ब्रेककडं ढकलून दाबला, पुन्हा दाबला. पुन्हा. लक्ष्मम्मा वेळेवर ओट्यावर चढल्या. गाडी ओट्याला धडकून तिथंच गरगरत राहिली, हाराच्या पाकळ्या उधळत. नरसय्या उभे राहिले होते. रिमोट सगळ्यांना दिसेल असा वर धरून ओरडत होते, "आगुतलेदु! आगुतलेदु!"

मला तेलुगू येत नाही. सुनंदा रडत होती आणि हसत होती. "थांबत नाही म्हणतायत, काका. मी ब्रेक दाबलो तरी थांबत नाही म्हणतायत."

"माझा हात नाही!" नरसय्या आता मराठीत गल्लीला सांगत होते. "बघितलं का? हात दाबतोय! गाडीच ऐकत नाही! माझा हात नाही!" मग बायकोकडं वळले आणि तेच पुन्हा तेलुगूत तिला सांगितलं, हळू आवाजात. तिनं नुसती मान हलवली.

मी गाडी उलटी करून बॅटरी काढली. नडगी ठणकत होती. लोक माझ्याकडं बघून पोट धरून हसत होते. 'नारळशेठ' हे नाव त्याच दिवशी पडलं, आजही त्या गल्लीत मला तेच नाव आहे. मी नरसय्यांसमोर जाऊन म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी तुमच्या हाताला बोल लावला. माझी लाज मला वाटते." ते 'असू द्या' म्हणाले असते तर मला हलकं वाटलं असतं, पण ते म्हणाले नाहीत, आणि बरोबरच केलं.

मी गाडी घेऊन निघालो, पार्ट बदलून, डबी सीलबंद करून आणून देतो म्हणालो. दारात पोचलो तर मागून हाक आली. "शेठ. थांबा." नरसय्या पाय ओढत आले. लक्ष्मम्मांच्या हातात पूजेचं ताट होतं. "गाडीला नको आता," ते म्हणाले. "तुम्हाला लावतो."

त्यांनी उजवा हात ताटाकडं नेला. बोट कुंकवात बुडवायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही. हात वर आला, थरथरत, माझ्या कपाळाशी आला, भुवईवर टेकला आणि तिथून वर, वाकडातिकडा, केसांपर्यंत गेला. मी डोळे मिटून उभा राहिलो.

मोटरसायकलवर गाडी बांधली आणि दुकानाची चावी घ्यायला घराकडं निघालो. होटगी रोडला विलासच्या शोरूमपुढं पाडव्याची गर्दी होती, ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्यानं मला थांबवलं. भिजलेला शर्ट बघितला, लाल गुडघे बघितले, मग कपाळ बघून हसायला लागला.

"काय रे सदा, हे कुणी लावलं एवढं वाकडं?"

"नरसय्यांनी लावलं," मी म्हणालो. "उजव्या हातानं."